सर्वांत शेवटी जेवणारी गर्भवती

सातव्या महिन्यातील डोहाळजेवणाचा थाट आपल्या घरांतून अजूनही टिकून आहे, ही समाधानाची बाब आहे. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सजविलेला झोपाळा, सुवासिनींनी भरलेली ओटी, गोडाधोडाचे ताट आणि शेवटी झाकलेल्या वाट्यांतून 'पेढा की बर्फी' ओळखण्याचा खेळ. (या खेळात बर्फी निघाली की काही चेहरे का उतरतात, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) दुसऱ्या दिवशी मात्र हीच सून सर्वांना वाढते, पुरुष मंडळींची पंगत उठते, मुले जेवतात, सासूबाई जेवतात आणि मग पातेल्याच्या तळाशी उरलेली पातळ आमटी व सकाळची पोळी तिच्या वाट्याला येते. भाजी बहुधा संपलेलीच असते. तिला कोणी उपाशी ठेवलेले नसते. आपल्या वाढण्याच्या क्रमातच तिचा क्रमांक शेवटचा आहे, इतकेच.

या क्रमाची किंमत राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने मोजून ठेवली आहे. २०१९-२१च्या पाचव्या सर्वेक्षणात देशातील ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयग्रस्त आढळल्या. महाराष्ट्रासारख्या प्रगत म्हणविणाऱ्या राज्यातही हे प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास होते. त्यामागे दारिद्र्य हे मोठे कारण आहेच. पण भरल्या घरातील लेकीसुनांच्या रक्ताची तपासणी केली तर केवळ दारिद्र्याकडे बोट दाखवून भागणार नाही, हे कोणताही प्रसूतितज्ज्ञ सांगेल.

या विषयाचा इतिहास आपल्या महाराष्ट्राशी जवळून निगडित आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८मध्ये मुंबईत आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गर्भवतींना जडणाऱ्या एका विशिष्ट रक्तक्षयाचा तिला शोध घ्यायचा होता. या स्त्रियांच्या आहारातच काहीतरी उणे आहे, हे तिने ताडले आणि यीस्टच्या अर्काने तो रक्तक्षय बरा होतो, हे दाखवून दिले. पुढे १९४१मध्ये पालकाच्या पानांतून जे द्रव्य वेगळे करण्यात आले, तेच हे द्रव्य. आज त्याला आपण फॉलिक आम्ल म्हणतो. गर्भाच्या मेंदूची व मज्जारज्जूची नलिका गर्भधारणेपासून सुमारे चार आठवड्यांत मिटते. अनेकदा दिवस गेल्याचे त्या स्त्रीलाही तोवर कळलेले नसते. म्हणूनच मूल व्हावे असा विचार सुरू होताच वैद्यकीय सल्ल्याने ही गोळी घ्यावयाची असते. आपल्याकडे ती बहुधा तिसऱ्या महिन्यात, 'बातमी' सर्वांना सांगून झाल्यावर सुरू होते!

दुसरा अध्याय पुण्याचा. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील सुमारे ८०० गर्भवतींचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. येथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास भरले. इंग्लंडातील बाळे साडेतीन किलोंची. पण ही कृश दिसणारी आपली बाळे अंगातील चरबीच्या बाबतीत मात्र तितकी कमी नव्हती. उणीव होती ती स्नायूंची. पुढे मधुमेह जडण्याची बीजे येथेच पडतात, असे या अभ्यासाचे सांगणे आहे. आणखी एक निष्कर्ष गृहिणींनी मुद्दाम ध्यानी घ्यावा असा आहे. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत होत्या, त्यांची बाळे अधिक भरलेली होती. नुसत्या भाताच्या वा पोळ्यांच्या संख्येने तो फरक पडला नव्हता. बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता तर निम्म्याहून अधिक मातांत होती. ते वनस्पतींत नसते; म्हणून शाकाहारी घरांतील गर्भवतीच्या ताटात दूध, दही, ताक रोज असलेच पाहिजे, आणि तपासणीत उणीव दिसली तर गोळीही.

'दोन जिवांची आहेस, दुप्पट खा' हा आग्रह आणि 'शेवटच्या महिन्यांत कमी खा, मूल लहान राहील, बाळंतपण सोपे जाईल' हा सल्ला, दोन्ही एकाच घरात ऐकू येतात. दोन्ही चूक. दुसरा तर घातकच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार गर्भवतीला रोज ३५० किलोकॅलरी अधिक लागतात. म्हणजे जवळपास एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि पेलाभर दूध. एवढे कोणत्याही मध्यमवर्गीय घराला जड नाही.

लोहाच्या गोळीचीही एक कथा आहे. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा किमान १८० गोळ्या शासन विनामूल्य देते. त्या घरी येतात, आणि चहाबरोबर घेतल्या जातात. चहा लोह शोषू देत नाही. कॅल्शियमची गोळीही तिच्यासोबत नको. लिंबाच्या सरबताबरोबर घेतली तर तीच गोळी गुण देते. शौचाचा रंग काळा होतो म्हणून घाबरून ती सोडू नये. पाटीवरची पेन्सिल, माती वा राख खाण्याची इच्छा होत असेल, तर त्याला डोहाळे समजून हसू नये, रक्त तपासावे. मिसरी ही तर सरळ तंबाखूच आहे, दात घासण्याच्या नावाखाली ती चालविता येणार नाही. पपईची भीती कच्च्या, चीक असलेल्या फळापुरती ठीक. पूर्ण पिकलेल्या पपईच्या चार फोडींनी काही बिघडत नाही. कच्ची अंडी, न तापविलेले दूध आणि रस्त्यावरची कापून ठेवलेली फळे मात्र टाळावीत.

आणि उपवास. एकादशी, चतुर्थी, नवरात्र असे करीत महिन्यातील कितीतरी दिवस साबुदाण्यावर निघतात. साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसे काही नाही. धर्मशास्त्रकारांनी गर्भिणीला कडक उपवासातून सवलत दिलेली आहे. चरकाने तर तिच्यासाठी महिनावार दूध, लोणी, तूप, दुधातील पेज असा आहार सांगितला आणि काठोकाठ भरलेल्या तेलाच्या भांड्याप्रमाणे तिला जपावे, असे म्हटले. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या घरांनी निदान हे तरी वाचावे.

राज्यातील आदिवासी भागांत २०१५पासून डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. तीत गर्भवतीला व स्तनदा मातेला दिवसातून एक वेळचे गरम जेवण मिळते, आणि ते अंगणवाडीत बसून जेवावयाचे असते. कोरडा शिधा घरी नेला की तो साऱ्यांच्या ताटांत वाटला जातो आणि तिच्या वाट्याला पुन्हा तळाचेच उरते.