विकतचा घाम

गोव्यात घाम पैसे देऊन विकत घेतात, असं आमच्या आज्यांना कोणी सांगितलं असतं, तर त्यांनी त्या माणसाला वेड्यात काढलं असतं. इथे मार्च लागला की पंख्याखाली बसूनही सदरा पाठीला चिकटतो. मे महिन्यात पारा 33-34 अंशांवर आणि हवा इतकी दमट की घाम पुसून पुसून टॉवेल भिजतो. अशा मुलखात जिमवाले स्टीम आणि सौनाची जाहिरात करतात, आणि आपण वर्षाची फी एकदम भरून येतो! वर काय, तर म्हणे चरबी वितळते, शरीरातलं विष बाहेर पडतं.

मंडळी, चरबी म्हणजे तूप नव्हे, ऊब लागली की पातळ व्हायला. वाफेत 15 मिनिटं बसून काट्यावर अर्धा किलो कमी दिसतो तो निव्वळ पाण्याचा. दोन-तीन ग्लास पाणी प्यालात की तो अर्धा किलो घरी परत. एक किलो चरबी जाळायची तर साधारण 7,700 कॅलरी खर्चाव्या लागतात. बाकावर बसून त्या खर्च होत नाहीत. आणि विषाचं म्हणाल, तर ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. घामात मुख्यतः पाणी आणि मीठ असतं.

‘पण छातीचे ठोके वाढतात ना, मग तो व्यायामच!’ असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. ठोके वाढतात कारण अंग थंड करण्यासाठी हृदयाला कातडीकडे जास्त रक्त ढकलावं लागतं. स्नायू मात्र आरामात बसलेले असतात. शिवाय घाम सुकला तरच अंग थंड होतं. स्टीमच्या खोलीत हवा वाफेने गच्च भरलेली. तिथे घाम सुकत नाही, नुसता ओघळतो आणि अंग तापत जातं.

फिनलंडचा दाखला हमखास दिला जातो. जरूर द्या, पण पुरता द्या. त्या 55 लाख वस्तीच्या देशात 30 लाखांच्या आसपास सौना आहेत आणि 2020 साली युनेस्कोने त्यांच्या सौना-संस्कृतीला वारसा म्हणून मान दिला. बाहेर बर्फ, आत 80-100 अंशांची कोरडी उष्णता, दगडांवर ओतलेलं पाणी, सोबतीला घरची माणसं. तो त्यांचा विसावा आहे. 2015 साली तिथल्या 2,315 पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून 4 ते 7 वेळा सौना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक मरण येण्याचं प्रमाण कमी आढळलं. पण ते वर्षानुवर्षांचं निरीक्षण होतं. सौनामुळेच तसं झालं, हे त्यातून सिद्ध होत नाही. पोट कमी होतं असं तर त्यात कुठेच नाही.

त्याच फिनलंडमध्ये 2010 साली सौनात कोण जास्त वेळ टिकतो याच्या स्पर्धेत 110 अंशांच्या उष्णतेने एक स्पर्धक दगावला. ती स्पर्धा पुन्हा भरली नाही. अमेरिकेत 1997 सालच्या नोव्हेंबर-डिसेंबरात तीन तरुण कॉलेज-पैलवान घाम गाळून वजन उतरवण्याच्या नादात गेले.

आपल्या आयुर्वेदाचं नाव घेऊन धंदा करणाऱ्यांनी चरकसंहिता तरी उघडावी. चरकांनी अग्नीने दिलेल्या स्वेदाचे 13 प्रकार सांगितले, पण कोणाला तो देऊ नये याचीही यादी दिली. आणि अग्नीशिवाय येणाऱ्या घामाचे जे 10 प्रकार सांगितले, त्यांत पहिला कोणता? व्यायाम!

माझा राग वाफेवर नाही. व्यायाम झाल्यावर थोडा वेळ बसलात, अंग सैलावलं, रात्री झोप छान लागली, तर त्यात वाईट काही नाही. राग आहे तो खोट्या आश्वासनावर. कारण त्याला भुलणारा बहुधा पन्नाशीचा, रक्तदाबाची गोळी घेणारा, सुटलेल्या पोटाने धास्तावलेला माणूस असतो. तो अर्धा तास चालणं टाळून अर्धा तास वाफेत बसतो. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो, झटकन उठलं की घेरी येते. आधीच दोन बिअर झालेल्या असतील, तर विचारूच नका.

म्हणून जिमवाल्यांनी एवढं तरी करावं. दाराबाहेर तापमान दिसेल असं लावा, आत घड्याळ टांगा, 10-15 मिनिटांवर कोणाला बसू देऊ नका. रक्तदाब, हृदयविकार, गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, असा फलक मराठी-कोंकणीत लावा. आणि जाहिरातीतली ती चरबीची ओळ पुसून टाका.

आपण काय करावं? सकाळी मिरामारच्या वाळूत किंवा आपल्या वाड्यावरची घाटी चढून अर्धा तास चालावं. घाम येईलच. गोव्याच्या हवेने तो आजवर कोणाला नाकारलेला नाही, आणि त्याची पावतीही फाडत नाही.