थोबाड बिघडलं तरी चालेल

“वहिनी, गाडीचं पार थोबाड बिघडवलंत तुम्ही!”

हे वाक्य आधी आमच्या भावजींनी म्हटलं. मग त्यांच्या गाडीवेड्या मित्रांनी म्हटलं. मग पुण्याच्या आतेभावाने फोटो बघून फोनवर म्हटलं. परवा सासूबाईंच्या भिशीतल्या एका काकूंनीसुद्धा “आधीचे कसे नाजूक होते गं” असं म्हटल्यावर मात्र माझा संयम सुटला. म्हणून हे लिहितेय. सगळ्यांना मिळून एकदाच उत्तर. दर वेळी घसा कोण कोरडा करणार?

तर विषय आहे आरशांचा. आमच्याकडे एक सॅन स्टॉर्म आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, गोव्यात तयार झालेली ही दोन सीटची, कापडी टपाची छोटी स्पोर्ट्स कार. अंग फायबरचं, इंजिन रेनोचं, ११४९ सीसीचं. फार थोड्या बनल्या, त्यामुळे सिग्नलला थांबलं की शेजारचा रिक्षावाला हमखास विचारतो, “कुठली वो ही? फॉरेनची?” नवऱ्याने हौसेने थर्ड हँड घेतली. मधल्या कुणा हौशी मालकाने मूळचे आरसे काढून जुन्या रेसच्या गाड्यांना असतात तसे क्रोमचे, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे आरसे बसवले होते. दिसायला अगदी गोड. काच मात्र पावडरच्या डबीतल्या आरशाएवढी, आणि ती बारीक दांडीवर. गाडी सुरू झाली की मागचं सगळं जग थरथरायला लागायचं.

आम्ही चार वर्षं तशीच चालवली. हा आमचा गाढवपणा, दुसऱ्या कुणाचा नाही.

आता गेल्या माघातला रविवार. कोल्हापूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी: माघातल्या पाच रविवारी जोतिबाचे खेटे असतात. अंबाबाई जोतिबाची विनवणी करायला कोल्हापुराहून डोंगरावर अनवाणी चालत गेली, अशी कथा आहे. म्हणून माणसंही पहाटे निघतात, अनवाणी, वडणगे, निगवे, कुशिरे, गायमुख असं करत वाडी रत्नागिरीला पोचतात. म्हाताऱ्या बायका, पोरंटोरं, खांद्यावर लेक घेतलेले बाप. आणि त्यांच्या शेजारून आमच्यासारखे देवभक्त, गाडीतून.

आम्ही अंधारातच वर गेलो, दर्शन घेतलं आणि उजाडता उजाडता खाली यायला निघालो. मी चालवत होते. थंडी म्हणून टप चढवलेला. एका वळणावर समोरून एस.टी. वर आली. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे मला पक्कं माहीत. म्हणून मी गाडी रिव्हर्सला टाकली आणि मागे, डावीकडे घ्यायला लागले. मान वळवून पाहिलं तर टपाचं कापड. डावीकडच्या त्या गोड आरशात पाहिलं तर आभाळ आणि थरथरणारं एक झाड. बरं, आरसा वाकवायचा तर खाली उतरून, पलीकडे जाऊन हातानेच वाकवायचा!

तेवढ्यात गाडीच्या पाठीवर कुणीतरी दणादण थापा मारल्या. “ओ बाई! थांबा! थांबा की वो!”

मी ब्रेक दाबला. खाली उतरून पाहिलं. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी मागच्या डाव्या चाकाशी खाली बसली होती. टाचेत खडा रुतला होता, तो काढत होती. गाडी थांबलीय म्हटल्यावर ती बिनधास्त बसली, तिचं काय चुकलं? चाक आणि तिचा गुडघा यांच्यात एक वीत अंतर होतं. वीतभरच. तिच्या आजोबांनी मला शिवी दिली नाही. नुसतं म्हणाले, “आरसा बसवा बाई त्येला.” शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात मी गाडी घेऊन उद्यमनगरात गेले.

मिस्त्रींनी एका साध्या, रोजच्या वापरातल्या हॅचबॅकचे आरसे शोधून दिले. काच मोठी, बाहेरून फुगीर, आणि आतून दांडीने फिरवता येणारी. फायबरच्या दाराला आरसा नुसता स्क्रूने आवळला तर भार एकाच ठिकाणी येऊन फायबर तडकतं. म्हणून दाराच्या आतून ॲल्युमिनियमची पट्टी दिली, बाहेरून रबराची गादी, आणि ढिले न होणारे नट. बूड रुंद असल्यामुळे आता आरसा थरथरत नाही. दोन्हींचे मिळून चार हजारांच्या आत झाले. जुने क्रोमचे आरसे फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलेत. ज्याला दर्शन घ्यायचं असेल त्याने घरी यावं, चहा मिळेल.

आता येते आक्षेपांकडे.

आक्षेप पहिला: “ओरिजिनल राहिली नाही.” अहो भावजी, ते गोळीछाप आरसे तरी कुठे ओरिजिनल होते? ते हे मान्य करतात, मग म्हणतात, “पण त्या काळाला शोभत होते.” म्हणजे प्रश्न ओरिजिनलचा नव्हताच, शोभेचा होता. तसं सरळ म्हणा ना! दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा मीही गर्दीत टाचा उंचावून बघते. ती जशीच्या तशीच राहिली पाहिजे. पण ती सोहळ्यासाठी बाहेर निघते, माणसाच्या चालीने, आणि तिच्या आजूबाजूला शंभर डोळे असतात. आमची स्टॉर्म घाटात चालते आणि तिला माझे दोनच डोळे आहेत. जी गाडी रस्त्यावर चालते, तिला देव्हाऱ्याचे नियम लावू नका.

आक्षेप दुसरा: “स्पोर्ट्स कारला असले डबडे आरसे नसतात.” इथे मी जरा वाचून आलेय, ऐका. डॉरोथी लेव्हिट नावाची इंग्लंडची एक बाई मोटारींच्या शर्यतीत धावायची. तिने १९०९ साली बायकांसाठी मोटारीवर पुस्तक लिहिलं आणि त्यात सल्ला दिला, की जवळ हातातला आरसा ठेवा आणि मधूनमधून तो वर धरून मागचं बघा. दोनच वर्षांनी, १९११ साली, इंडियानापोलिसच्या पहिल्या ५०० मैलांच्या शर्यतीत रे हॅरून एकटाच बसून उतरला. बाकीच्यांच्या शेजारी मागे लक्ष ठेवायला एकेक मेकॅनिक होता. हा एकटा कसा, धोका आहे, अशी ओरड झाली तेव्हा त्याने गाडीवर आरसा बसवला. शर्यत तोच जिंकला. म्हणजे स्पोर्ट्स कारच्या घराण्यात आरसा आला तो मागच्याच्या काळजीपोटी, नटण्यासाठी नव्हे. आणि गंमत म्हणजे, विटांच्या त्या ट्रॅकवर आरसा इतका हलत होता की त्यात काही धड दिसलंच नाही, हे पुढे हॅरूननेच कबूल केलं. हलणारा आरसा म्हणजे नसलेला आरसा, हे तेव्हापासूनचं आहे.

आक्षेप तिसरा: “फुगीर काचेत अंतर फसवं दिसतं.” हा एकच आक्षेप खरा आहे. फुगीर काचेत वस्तू लहान, म्हणून लांब वाटते. अमेरिकेत तर ड्रायव्हरच्या बाजूची काच सपाट ठेवावी लागते, आणि पलीकडची फुगीर असेल तर तिच्यावर तशी सूचना कोरावी लागते. पण सपाट छोट्या काचेत जे दिसतं ते बरोबर अंतरावर दिसतं, आणि जे दिसत नाही ते दिसतच नाही! लांब वाटणाऱ्या मुलीसाठी मी ब्रेक दाबेन. न दिसणाऱ्या मुलीसाठी कशी दाबणार?

आक्षेप चौथा: “गाडीत बदल करणं बेकायदेशीर आहे.” मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीच्या तपशिलात तफावत येईल असे बदल करायला मनाई करतं. इंजिन, चासी, बॉडी यांना हात लावू नये हे योग्यच आहे. पण माझ्या आरसी बुकात आरशाबद्दल अवाक्षर नाही. उलट मागचं दिसलं पाहिजे ही कायद्याचीच अपेक्षा आहे. आणि कायद्याची इतकी काळजी असणाऱ्या भावजींच्या मोटरसायकलला दोन्ही आरसे नाहीत, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते :)

आक्षेप पाचवा, सासऱ्यांचा: “आमच्या वेळी डावीकडे आरसाच नसायचा, काही अडलं नाही.” बाबा, रागावू नका. त्या वेळी रस्त्यावर गाड्या किती होत्या? आणि कुणाचं अडलं नाही? चालवणाऱ्याचं नाही अडलं. चाकाशी बसलेल्याला विचारायला पाहिजे.

माझं खरं भांडण इथेच आहे. आपल्याकडे आरसा मागचं बघण्यासाठी असतो हेच आपल्याला पटलेलं नाही. मोटरसायकल शोरूममधून घरी आली की आधी आरसे काढायचे, मर्दानी दिसत नाही म्हणून. कारचा डावा आरसा मिटून ठेवायचा, कुणी धडकून फोडेल म्हणून. म्हणजे काचेची काळजी आहे, धडकणाऱ्या माणसाची नाही. उरलेला आरसा भांग पाडायला. आणि जुन्या गाड्यांचे शौकीन याच सवयीला ‘वारसा’ म्हणतात. वारसा जपावा, जरूर जपावा. पण जपायच्या वस्तूची किंमत वस्तूवाल्याने मोजायची असते. ती खेट्याला निघालेल्या पोरीच्या गुडघ्याने का मोजायची?

जाता जाता एक कामाची गोष्ट. नुसता मोठा आरसा बसवून भागत नाही, तो लावावा लागतो. जॉर्ज प्लॅट्झर नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९९५ साली एक पद्धत मांडली. डोकं उजव्या खिडकीला टेकवा आणि उजवा आरसा असा लावा, की आपल्याच गाडीची कड त्यात जेमतेम दिसेल. मग तितकंच गाडीच्या मधोमध झुकून डावा आरसा तसाच लावा. हायवेवर शेजारून येणारी गाडी मग सहसा दडत नाही. घाटात किंवा गर्दीत मागे घेताना मात्र मी डावा आरसा आत आणि खाली वळवते, मागचं चाक आणि त्याच्या शेजारची जमीन दिसेपर्यंत. आणि तरीही शंका आली तर सरळ खाली उतरून बघते. त्यात कमीपणा नाही.

चैत्र यात्रा झाल्यावरच्या रविवारी पुन्हा जोतिबाला गेलो. या वेळी भावजी शेजारी होते. पार्किंगपर्यंत जाता जाता गुलालाने दोन्ही आरसे गुलाबी झाले. मी काही बोलायच्या आत त्यांनी खिशातून रुमाल काढला, काच खाली केली आणि डावा आरसा पुसला. मग म्हणाले, “तरी पण थोबाड बिघडलंच.”

बिघडू दे.

चांगभलं!