‘घरच्यासारखे’ जेवण कोणाच्या जिवावर?

आपण दरवर्षी २५ नोव्हेंबरला स्त्रियांवरील हिंसाविरोधी दिन पाळतो. तो ज्या तिघी मिराबाल बहिणींच्या स्मरणार्थ, त्या डोमिनिकन प्रजासत्ताक या कॅरिबियन देशातल्या. हुकूमशहा त्रुहियोच्या माणसांनी १९६० मध्ये त्यांचा खून केला. त्या देशाविषयी मला एवढेच ठाऊक होते. गेल्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक अधिवेशनाला न्यूयॉर्कला गेले, तेव्हा एका मैत्रिणीने मला तिथल्या डोमिनिकन वस्तीत, वॉशिंग्टन हाइट्समध्ये जेवायला नेले.

१९६१ मध्ये त्रुहियो मारला गेला. १९६५ मध्ये यादवी झाली, अमेरिकेने सैन्य उतरवले. त्यानंतर हजारो कुटुंबे न्यूयॉर्कला आली. बायका कपड्यांच्या कारखान्यांत शिवणाला बसल्या, पुरुष मिळेल त्या कामाला लागले. या कष्टकऱ्यांना गावाकडच्या चवीचे दोन घास देणारी खानावळ गल्लोगल्ली निघाली. आपल्या गिरणगावाचीच गोष्ट वाटते ना?

आम्ही गेलो ती जागा लहानशीच होती. सात-आठ टेबले, भिंतीवर टीव्ही, काचेमागे वाफाळते ट्रे. पाटीवर ‘कोमिदा कासेरा’, म्हणजे घरचे जेवण. भात, घेवड्याची दाटसर उसळ आणि रश्श्यात शिजवलेली कोंबडी, या ताटाला ते लोक ‘ला बांदेरा’ म्हणजे झेंडा म्हणतात. रोजच्या साध्या जेवणाला देशाच्या झेंड्याचा मान! शेजारच्या ट्रेमध्ये हिरव्या दाण्यांचा भात होता. चाखून पाहिला तर ओल्या तुरीचे दाणे! आपल्याकडची तूर आफ्रिकेमार्गे, गुलामांच्या व्यापाराच्या काळात तिकडे पोचली. नंतर वाढणाऱ्या बाईने कौतुकाने भाताची खरपुडी आणून दिली. तिला ‘कोंकोन’ म्हणतात आणि घरोघरी तिच्यासाठी भांडणे होतात म्हणे. मला माझी आजी आठवली. आमच्याकडे खरपुडी तिच्याच वाट्याला यायची, कारण सगळ्यांचे झाल्यावर पातेल्यात तेवढेच उरायचे.

गर्दी ओसरल्यावर स्वयंपाक करणारी बाई बाहेर येऊन बसली. मैत्रीण दुभाषी झाली. मी विचारले, हे सगळे कुठे शिकलात? ती हसली. “शिकायचे काय त्यात? आईचे बघून आले.” पहाटे पाचला येते, दुपार टळल्यावर सुटते. मग तुमच्या घरी स्वयंपाक कोण करते? “मोठी मुलगी. शाळेतून आली की.”

तिचे ते “शिकायचे काय त्यात” माझ्या मनातून जात नाही. साठ-सत्तर माणसांचा भात एका अंदाजाने उतरवणे, उसळ न करपवता तासन् तास मंद आचेवर ठेवणे, हे कसब नव्हे तर काय? पण बाईने घरात फुकट केलेले काम बाजारात आले तरी स्वस्तच राहते, कारण ते कसब नसून ‘माया’ आहे असे आपण धरून चालतो. पाटीवरचा ‘घरचे’ हा शब्द गिऱ्हाईक आणतो आणि मजुरी खाली ओढतो.

वाढणाऱ्या मुलीचेही तेच. ती प्रत्येकाला ‘मी आमोर’, म्हणजे ‘माझ्या जिवा’ म्हणत होती. तिकडे ती बोलण्याची रीतच आहे. पण अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचे किमान रोख वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरच आहे. न्यूयॉर्क राज्यात ते बरेच जास्त आहे, तरी काही भाग टिपेतून धरायची मुभा मालकाला आहेच. ज्या मुलीची मजुरी गिऱ्हाइकाच्या मर्जीवर, ती त्याच्या लोचट बोलण्याला कुठवर उत्तर देणार?

परदेशातल्या मालकांना नावे ठेवणे सोपे आहे. मीही गेल्या वर्षी एका शिबिरासाठी बचत गटाच्या बायकांशी ताटामागे दहा रुपयांची घासाघीस केली होती. “घरचेच तर करायचे आहे,” हे वाक्य माझ्या तोंडचे. शिबिराचा विषय होता स्त्रियांचे अदृश्य श्रम!

कोणी म्हणेल, ताट महाग झाले तर गरिबाने कुठे जेवायचे? प्रश्न खरा आहे. त्या खानावळीत जेवणारेही मजूरच होते. पण स्वस्ताईचा सगळा भार रांधणारीनेच का उचलायचा? प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा गिरणगावातल्या खाणावळवाल्यांना सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून दिले. बाईची मजुरी न कापताही जेवण परवडण्याजोगे ठेवता येते, तो हा मार्ग.

डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या २०१० च्या राज्यघटनेत, कलम ५५ मध्ये, घरकाम हे संपत्ती निर्माण करणारे आर्थिक काम आहे असे लिहिले आहे. तेवढ्याने तिथल्या बाईच्या हातात पैसा आला असे नाही. पण निदान लिहिले तरी आहे. आपल्याकडे २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो असे दिसले, तर पुरुषांचा ९७ मिनिटे. आणि किंमत? २००१ च्या लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे मोल महिना ३००० रुपये धरले, ते जळून मेलेल्या बायकांची नुकसानभरपाई ठरवताना. जिवंतपणी हा हिशोब कोणी मांडत नाही.

मैत्रिणींनो, सुरुवात आपल्या वहीपासून करू या. शिबिराच्या अंदाजपत्रकात जेवण ‘किरकोळ खर्चा’त न धरता मजुरीच्या रकान्यात लिहू या. किती बायका, किती तास, काय दर, हे त्यांच्याशी बसून आधी ठरवू या आणि अर्धे पैसे आगाऊ देऊ या. त्या बचत गटाला मी दहा रुपयांचा फरक पोचता केला आहे. गटाच्या ताई म्हणाल्या, “राहू द्या हो ताई, घरचेच होते.” मी म्हटले, म्हणूनच घ्या.