शेजाऱ्याला कायदा, श्रोत्याला काय?

गणपती जवळ आले की डेसिबल हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचतो. न्यायालयं बजावतात, पोलीस यंत्रं घेऊन उभे राहतात, मुंबईत आवाज फाउंडेशनची मोजणी सुरू होते. या सगळ्याच्या मुळाशी आहेत २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा एकूण ७५ डेसिबल, यांतलं जे कमी असेल, त्याच्यावर आवाज जाता कामा नये.

मोजमाप होतं ते हद्दीवर. हद्दीच्या आत, स्पीकरच्या भिंतीसमोर जो नाचतोय, त्याच्या कानाशी किती आवाज आहे, याची विचारपूस हे नियम करत नाहीत. कारखान्यातल्या कामगारासाठी आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा तरी आहे. तिकीट काढून गाणं ऐकायला गेलेल्याला तीही नाही. ज्याला ऐकायचं नाही त्याची काळजी कायदा घेतो. ज्याला मनापासून ऐकायचं आहे तो वाऱ्यावर.

आवाजाचा हिशेब साधा, पण फसवा आहे. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तास काढता येतात आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. १०० डेसिबलला उरतात जेमतेम पंधरा मिनिटं. रॉक बँडच्या कार्यक्रमात तेवढा वेळ पहिल्या तीन-चार गाण्यांतच संपतो. घरी आल्यावर कानाला दडे बसलेले असतात, आत घुं असा नाद चालू असतो. सकाळी तो थांबला की माणूस निर्धास्त. पण २००९ साली अमेरिकेत शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात दिसलं, की ऐकण्याची क्षमता वरवर पूर्ववत झाली तरी आतल्या कानातल्या पेशी आणि मज्जातंतू यांच्यातल्या बऱ्याच जोडण्या कायमच्या तुटलेल्या होत्या. माणसातही असंच होतं का, हे अजून तपासलं जातंय. कानातल्या केसपेशी मात्र एकदा गेल्या की माणसाला परत येत नाहीत, यात शंका नाही. कोंबडीला येतात, हा निसर्गाचा विनोद म्हणायचा.

हे दुखणं फक्त डीजेवाल्यांचं, असं समजून शास्त्रीय संगीताच्या रसिकांनी निश्चिंत होऊ नये. २०१२ साली लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये वाग्नरच्या ‘डी वाल्क्यूरे’ या ऑपेराची तालीम चालू होती. व्हायोलावादक ख्रिस्टोफर गोल्डशायडर यांच्या अगदी मागे ट्रम्पेट आणि इतर पितळी वाद्यांचा ताफा बसवला होता. आवाजाचे झटके १३० डेसिबलच्या वर गेले. ना अ‍ॅम्प्लिफायर, ना स्पीकर. गोल्डशायडर यांचं वादन त्यानंतर थांबलंच. २०१८ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने आणि पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कलेसाठी वादकाच्या कानाचं थोडं नुकसान चालवून घ्यावं, हा युक्तिवाद टिकला नाही.

घरात लाखांची यंत्रणा मांडून बसणाऱ्या शौकिनाची गोष्ट जरा वेगळी, आणि जास्त अवघड. स्वस्तातला स्पीकर मोठा केला की आवाज फाटतो आणि हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. उत्तम यंत्रणेत आवाज फाटतच नाही. ९५ डेसिबलही भरदार आणि मऊ लागतात, त्यामुळे धोक्याची सूचना मिळत नाही. त्यात कानाचीही खोड आहे. आवाज लहान असला की त्याला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. म्हणून तर जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’चं बटण असे, ते दाबलं की कमी आवाजातही खर्ज भरून येई. आजच्या शुद्धतावादी शौकिनाला ते बटण म्हणजे भेसळ वाटते. मग खर्जासाठी तो सरळ आवाजच चढवतो. केबलवर पन्नास हजार घालणाऱ्या या मंडळींपैकी किती जणांनी कधी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या क्षमतेचा आलेख, काढलाय, हे एकदा त्यांच्याच बैठकीत विचारावं. हेडफोन तर याहून जवळचा. ‘द हू’ या बँडचे पीट टाउनशेंड आपल्या बहिरेपणाचं खापर रंगमंचापेक्षा स्टुडिओतल्या हेडफोनवर जास्त फोडतात.

इअरप्लग घातले की मजा जाते, ही तक्रार खरी होती. स्पंजचे प्लग वरच्या पट्टीचे स्वर जास्त कापतात, म्हणून गाणं भिंतीपलीकडून आल्यासारखं वाटतं. पण १९८८ मध्ये अमेरिकेतल्या एटिमोटिक कंपनीने खास वादकांसाठी सगळे स्वर जवळजवळ सारखेच, सुमारे १५ डेसिबलने उतरवणारे प्लग काढले. वरच्या हिशेबात हे १५ डेसिबल घालून पाहा: १०० चे ८५ होतात आणि पंधरा मिनिटांचे आठ तास.

स्वित्झर्लंडमध्ये आवाज ९३ डेसिबलच्या वर जाणार असेल तर आयोजकाला प्रेक्षकांना तसं सांगावं लागतं आणि इअरप्लग फुकट द्यावे लागतात. तासाची सरासरी १०० च्या वर नेता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये पंधरा मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. आपल्याकडे कार्यक्रमाच्या परवानगीसाठी एवढे कागद लागतात, त्यात या अटी घालणं जड नाही. आपल्या मर्जीने आलेल्या माणसाची काळजी सरकारने का करावी, असं कोणी म्हणेल. पण तिकिटावर कलाकारांची नावं असतात, पार्किंगची सोय असते, डेसिबलचा आकडा नसतो. आकडा माहीत नसताना मर्जी कसली? आणि मिरवणुकीत बापाच्या खांद्यावर बसलेल्या तीन वर्षांच्या पोराला मर्जी विचारतो कोण?

सुरुवात ढोल-ताशा पथकांपासून व्हावी. पुण्यात मुठेच्या काठी गणपतीच्या कितीतरी आधीपासून रोज संध्याकाळी तालीम चालते. ढोलाच्या टोलात आणि ताशाच्या कडकडाटात तास-तास उभी असणारी ही मुलं जेमतेम विशी-पंचविशीतली असतात. बहुतेकांचे कान उघडे, काहींच्या कानात कापसाचे बोळे, आणि कापूस आवाज फारसा अडवत नाही. पथकं गणवेश ठरवतात, ढोलाची पानं बदलतात, वर्गणी गोळा करतात. त्याच वर्गणीत प्रत्येकी एक प्लगची जोडी बसते. तालीम सुरू होण्याआधी एक आणि अनंत चतुर्दशीनंतर काही आठवड्यांनी एक, अशी कानांची तपासणी कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या मदतीने पथकांना करता येईल. पहिल्या रांगेत ताशा वाजवणाऱ्यांपासून ती सुरू करावी.