पाद्र्याचे बिऱ्हाड

पाद्र्याचा संसार म्हटला म्हणजे मराठी वाचकांस प्रथम आठवतात त्या लक्ष्मीबाई टिळक. ‘स्मृतिचित्रे’ ज्या घरी वाचली गेली नाहीत असे सुशिक्षित घर विरळाच. म्हणून त्या संसाराविषयी येथे पुन्हा लिहीत नाही. आज आम्ही वाचकांस नेणार आहोत ते इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशर परगण्यातल्या हॉवर्थ नावाच्या डोंगरी गावी, सन १८२० च्या एप्रिल महिन्यात. आमच्याकडेही ज्यांच्या कादंबऱ्या आवडीने वाचल्या जातात त्या शार्लट, एमिली व अ‍ॅन ब्रॉन्टे या तिघी भगिनी याच गावी वाढल्या. त्यांच्या ग्रंथांवर आजवर विपुल लिहिले गेले आहे. परंतु ज्या घरात ते ग्रंथ लिहिले गेले ते घर त्यांचे नव्हते, त्यांच्या वडिलांचेही नव्हते, ही गोष्ट त्या मानाने थोडक्यांच्याच ध्यानी राहते.

वडील पॅट्रिक ब्रॉन्टे हे आयर्लंडमधील एका गरीब शेतकऱ्याच्या दहा मुलांपैकी थोरले. जन्म १७७७ चा. सोळाव्या वर्षी त्यांनी शाळा काढली, पुढे एका धर्मोपदेशकाच्या घरी शिकवणी धरली, आणि पंचविसाव्या वर्षी, म्हणजे आमच्याकडे ज्या वयात मुलाच्या नोकरीची व लग्नाची बोलणी चालतात त्या वयात, केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात विद्यार्थी म्हणून नाव घातले. शाळामास्तरकीतून वर आलेल्या माणसाविषयी आम्हांस थोडा पक्षपात आहे, तो वाचकांनी चालवून घ्यावा. पत्नी मारिया ही दूर दक्षिणेकडील कॉर्नवॉलमधल्या पेन्झन्स या समुद्रकाठच्या गावची. तेथील हवा सौम्य, माणसे गोष्टीवेल्हाळ. हॉवर्थला येण्यापूर्वी हे दांपत्य पाच वर्षे थॉर्नटन या जवळच्याच खेड्यात होते. तेथे शेजार चांगला लाभला होता आणि धाकटी चार मुले तेथेच झाली होती.

हॉवर्थची जागा मिळाली तीही सुखासुखी नव्हे. नेमणूक करण्याचा अधिकार ब्रॅडफर्डच्या मुख्य धर्माधिकाऱ्याचा. पण ज्या जमिनीच्या उत्पन्नातून पाद्र्याचे वेतन निघे ती जमीन गावच्या विश्वस्तांच्या हाती. आमच्याकडील देवस्थानांच्या इनामांची भांडणे ज्यांनी पाहिली आहेत त्यांस यापुढे काय घडले असेल ते सांगावयास नको. १८१९ साली ब्रॅडफर्डकरांनी विश्वस्तांस न विचारता ब्रॉन्टे यांचे नाव जाहीर केले आणि गाव बिथरले. माणसाविषयी त्यांची तक्रार नव्हती, न विचारण्याविषयी होती. ब्रॉन्टे यांनी ही हवा ओळखून माघार घेतली. मग सॅम्युअल रेडहेड नावाच्या दुसऱ्या गृहस्थांस पाठविण्यात आले. ते प्रवचनास उभे राहिले की मंडळी लाकडी तळाच्या जोड्यांचा खडखडाट करीत निघून जात. एका रविवारी तर एक मनुष्य गाढवावर उलट्या तोंडाने बसवून मंदिरात आणला गेला, असे श्रीमती गॅस्केल यांनी शार्लटच्या चरित्रात लिहिले आहे. रेडहेड यांच्या आप्तांनी या हकीकतीस पुढे हरकत घेतली, तेव्हा गाढवाचे आम्ही खात्रीने सांगत नाही. रेडहेड मात्र तीन आठवड्यांत परतले हे खरे. अखेर दोन्ही पक्षांनी मिळून ब्रॉन्टे यांनाच नेमावयाचे ठरविले. ज्या मंडळींनी आदल्या पाद्र्यास हुसकून लावले त्यांच्याच दारी आता बायकामुले घेऊन जावयाचे होते.

सात गाड्या सामानाने भरून ती उभी दगडी चढण चढत गेल्या असे सांगतात. मंडळी किती? थोरली मारिया सहा वर्षांची. तिच्या पाठीवर एलिझाबेथ, शार्लट, एकुलता मुलगा ब्रॅनवेल, एमिली. आणि अ‍ॅन तर अवघी तीन महिन्यांची, आईच्या कुशीत. आईचे वय छत्तीस-सदतीस. जोडीला थॉर्नटनहून आलेल्या गार्स घराण्यातल्या दोघी बहिणी कामास होत्या. घर दगडी, दुमजली, १७७९ च्या सुमारास बांधलेले. खाली चार खोल्या, वर चार, आणि दारापासच्या बोळाच्या माथ्यावर एक चिंचोळी खोली, ती पुढे मुलांच्या वाट्यास आली. फरशी दगडाची, जिना दगडाचा. पाठीमागे माळरान, त्यावरून बारा महिने वारा. आणि समोर व बाजूस थडगी. खिडकी उघडली की पहिली दृष्टी तेथेच जावयाची. दहा माणसांचा स्वयंपाक नव्या चुलीवर मांडताना त्या माउलीच्या मनात काय आले असेल, याची नोंद कोणी ठेविलेली नाही.

तिला त्या घरी दीड वर्षही लाभले नाही. १८२१ च्या जानेवारीत ती अंथरुणास खिळली आणि १५ सप्टेंबर रोजी गेली. तिच्या माहेरच्या मिळकतीतून तिला सालीना पन्नास पौंड मिळत, ते तिच्या हयातीपुरतेच होते, सबब तेही थांबले. आजारपणाचे कर्ज डोक्यावर. ते स्नेह्यांनी हात दिला म्हणून फिटले. पुनर्विवाहाचे यत्न ब्रॉन्टे यांनी केले, पण सहा मुलांच्या घरात यावयास कोणी तयार झाली नाही. अशा वेळी धावून आली ती मुलांची मावशी, एलिझाबेथ ब्रॅनवेल. बहिणीच्या शुश्रूषेसाठी आलेली ही बाई एकवीस वर्षे तेथेच राहिली आणि १८४२ साली त्याच घरी तिने देह ठेविला. त्या गार फरशीचा तिला इतका तिटकारा, की घरातही ती आमच्या खडावांसारखी उंच पादत्राणे घालून वावरे, असे सांगतात. कॉर्नवॉलचे ऊन तिच्या बोलण्यातून कधी गेले नाही. पण परतही ती गेली नाही. चरित्रकार तिला कडक म्हणतात. आम्हांस वाटते, दुसरीची सहा मुले वाढविणारी बाई कडक नसेल तर त्या घराचे पंधरा दिवसांत धर्मशाळेत रूपांतर होईल. तिच्या पैशांवर शार्लट व एमिली ब्रुसेल्सला शिकल्या, आणि तिने मागे ठेविलेल्या पुंजीतूनच तिघींचा कवितासंग्रह १८४६ साली छापला गेला. वर्षभरात त्याच्या दोन प्रती खपल्या!

आता मुद्याची गोष्ट. हे घर नेमणुकीबरोबर मिळालेले; नेमणूक तहाहयात, आणि हयात संपली की घरही संपले. वडिलांच्या पश्चात या मुलींस उभे राहावयास हातभर जागा नव्हती. पॅट्रिक ब्रॉन्टे हे पुरते जाणून होते, आणि मुलींच्या शिक्षणाविषयी त्यांची जी धडपड दिसते तिचे मूळ आमच्या मते येथे आहे. १८२४ साली त्यांनी चौघींना कोवन ब्रिज येथील पाद्र्यांच्या मुलींसाठी निघालेल्या स्वस्त शाळेत घातले. तेथून मारिया व एलिझाबेथ क्षयाने खंगून घरी आल्या आणि १८२५ च्या मे व जून महिन्यांत एकीमागून एक गेल्या. दुसऱ्याचे मूल शिकविणाऱ्या बापाने आपल्याच मुलींसाठी शाळा निवडावी आणि ती अशी निघावी, याहून कठोर दैव ते कोणते? उरलेल्या तिघी पुढे शिक्षकिणी म्हणून परक्या घरी राहिल्या. १८४४ साली आपल्याच घरी शाळा काढावी म्हणून पत्रके छापविली, पण त्या आडगावी एकही विद्यार्थिनी आली नाही.

तोवर वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. दृष्टी गेली तर काम जाणार, काम गेले तर छप्पर. १८४६ च्या ऑगस्टात मँचेस्टर येथे शस्त्रक्रिया झाली. भूल देण्याची युक्ती तेव्हा निघालेली नव्हती. एकोणसत्तर वर्षांचे हे गृहस्थ सुमारे पाव तास निमूट पडून राहिले आणि शार्लट त्याच खोलीत बसून होती. पुढे महिनाभर अंधाऱ्या खोलीत वडिलांची सेवा करीत असता त्या भाड्याच्या जागेतच तिने ‘जेन आयर’ लिहावयास घेतली. आपले म्हणण्यासारखे घर नसलेल्या मुलीची ही गोष्ट आहे, हे वाचकांस ठाऊकच आहे.

गावाशी संबंध कसा जुळला, हेही सांगितले पाहिजे. ब्रॉन्टे यांनी तेथे एकेचाळीस वर्षे काढली, आणि त्यांतली कितीतरी माणसे पुरण्यात गेली. गावचे पाणी दूषित होते. त्याविषयी त्यांनी सरकारकडे अर्ज करून पिच्छा पुरविला, तेव्हा १८५० साली बॅबेज नावाचे निरीक्षक आले. त्यांनी काढलेल्या हिशेबात गावातील मृतांचे सरासरी वय सव्वीस वर्षेही भरले नाही, आणि शंभरांतील एक्केचाळीसांहून अधिक मुले सहा वर्षांची होण्याआधीच जात होती. ज्या पाद्र्यास आणावे की नाही यावर एके काळी गाव भांडले, तोच गावासाठी पाणी मागत होता. घरातही माणसे अशीच जुळली. टॅबी नावाची म्हातारी स्वयंपाकीण १८३६ साली बर्फावरून घसरून पाय मोडून बसली, तेव्हा तिला तिच्या बहिणीकडे पाठवावे असे मावशीने ठरविले. तिघी मुलींनी अन्न वर्ज्य केले. मावशीस हार मानावी लागली, आणि टॅबी राहिली.

रात्री नऊ वाजता वडील पुढचे दार लावीत, फार जागू नका म्हणून मुलींस बजावीत, जिन्यातल्या घड्याळास किल्ली देत आणि निजावयास जात. मग तिघी जेवणाच्या मेजाभोवती फेऱ्या घालीत एकमेकींस लिहिलेले वाचून दाखवीत. १८४८ च्या सप्टेंबरात ब्रॅनवेल गेला, डिसेंबरात एमिली, पुढील मे महिन्यात अ‍ॅन. मग शार्लट एकटीच फेऱ्या घालू लागली. वडिलांचे सहायक आर्थर निकल्स यांच्याशी तिचा विवाह १८५४ च्या जूनमध्ये झाला, आणि नऊ महिन्यांनी तीही गेली.

सासरे आणि जावई त्या घरी आणखी सहा वर्षे राहिले. ७ जून १८६१ रोजी चौऱ्याऐंशीव्या वर्षी पॅट्रिक ब्रॉन्टे वारले. निकल्स यांनी सोळा वर्षांपूर्वी त्या गावी काम धरले होते. तरी विश्वस्तांनी जागा दुसऱ्यास दिली. ऑक्टोबरात घरातील सामानाचा लिलाव झाला आणि निकल्स आयर्लंडला निघून गेले. नव्या पाद्र्याने पुढे जुने मंदिर पाडले. मनोरा तेवढा जुना राहिला. घर १९२८ पासून संग्रहालय आहे. लिलावात गेलेले ते जेवणाचे मेज, त्यावर शाईचे डाग, मेणबत्तीने जळलेली एक खूण आणि कोरलेले एक लहानसे ‘ई’ अक्षर, २०१५ साली त्याच खोलीत परत आणून ठेविले आहे. त्यासाठी पाच लक्ष ऐंशी हजार पौंडांची मदत सार्वजनिक निधीतून मिळवावी लागली.