आतला ‘खरा मी’ कुणी पाहिला?

सजग राहा, तुमचा ‘खरा मी’ तुम्हाला सापडेल, असं मोबाइलच्या ॲपपासून कंपन्यांच्या कार्यशाळांपर्यंत सगळीकडे सांगितलं जातं. ही बाजू आधी नीट मांडू. माणूस लहानपणापासून आईवडिलांच्या, शाळेच्या, साहेबाच्या अपेक्षा अंगावर घेत वाढतो. श्वासाकडे लक्ष दिलं की ते ओझं उतरतं, खाली दडलेला अस्सल माणूस वर येतो आणि पुढे त्याच्या मर्जीनं जगायचं. ओझ्याचं म्हणणं मला पटतं. पण खाली कुणी दडून बसलंय, हे कशावरून?

हा सराव ज्या बौद्ध परंपरेतून आला, ती तरी असं म्हणत नाही. सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त आणि धम्म यांकडे पाहायला सांगितलंय. चित्तात द्वेष असेल तर आहे हे जाणा, नसेल तर नाही हे जाणा. दोहोंतलं अस्सल कोणतं, असा सवालच तिथे नाही. १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सजगतेचा वर्ग सुरू केला, तोही जुनाट दुखणी आणि ताण घेऊन आलेल्या रुग्णांसाठी. ‘स्व’च्या शोधाची पाटी नंतर बाजारानं लावली.

इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेच्या शिबिरात दहा दिवस बसून आलेल्या कुणालाही विचारा. पहिल्या काही दिवसांनंतर अधिष्ठान: तासभर हातपाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. थोड्याच वेळात गुडघा ठणकायला लागतो. तो नुसता पाहत राहिलं, की त्या एकसंध कळेचे तुकडे पडतात: ठोका, चटका, मुंग्या, मध्येच काही नाही. तेवढ्यात मनानं बॅग भरून पळायचं ठरवलेलं असतं, आणि जरा वेळानं पुढच्या वर्षी पुन्हा यायचंही. पळणारा खरा की परत येणारा?

कुणी म्हणेल, वेदान्त तर आत्मा मानतो. मानतो ना! पण त्या आत्म्याला नोकरी सोडून डोंगरात कॅफे काढायचा नसतो. आपली आवडनिवड त्याच्या नावावर खपवणं हा त्याच्यावरही अन्यायच आहे.

आणि या कल्पनेचा त्रास घरच्यांना होतो. ‘मी असाच आहे, स्पष्टवक्ता’ म्हणत बायकोला चारचौघांत टोचून बोलणारा गृहस्थ आपल्या सवयीलाच स्वभाव समजत असतो. त्याला ध्यान शिकवून ‘आतला आवाज ऐका’ म्हटलं, तर तो आणखी मोठ्यानं बोलेल.

मग सजगतेचा उपयोग काय? आहे, आणि भरपूर आहे. धम्मगिरीसारख्या, सत्यनारायण गोएंकांच्या परंपरेतल्या शिबिरात श्वासाआधी पंचशील घ्यावं लागतं. खोटं न बोलणं हे त्यातलं एक. शिबिरातल्या मौनाचं एक कारणही हेच, की बोलायचंच नाही म्हटल्यावर खोटं बोलायची वेळ येत नाही. आधी शील, मग समाधी, असा तो क्रम. बाजारानं शील गाळलं आणि समाधीचं पॅकेट केलं.

शील परत जागेवर ठेवा आणि एक साधा प्रसंग घ्या. आत्याचा फोन येतो, ‘लग्नाला चार दिवस आधीच या हं.’ घसा आवळतो, पोटात काहीतरी सरकतं, आणि जीभ ‘हो हो, नक्की’ म्हणून मोकळी होते. पुढे मुलाच्या तापाचं निमित्त. सराव असलेल्याला तो आवळलेला घसा शब्दाआधी कळतो. क्षणभर उसंत मिळते. तेवढ्यात ‘आत्या, चार दिवस नाही जमणार, आदल्या संध्याकाळी येतो’ एवढं बोलता येतं.

हे बोलणारा ‘खरा मी’ होता का? मला ठाऊक नाही, आत्यालाही त्याच्याशी देणंघेणं नाही. तिला एवढंच कळलं, की किती पानं कमी धरायची. ‘मीच नाही, तर मग प्रामाणिक कोण?’ असा पेच विद्वान टाकतात. त्यांनी तो खुशाल सोडवत बसावं. दिलेला शब्द ज्याच्या तोंडून गेला, तो पाळायचाही त्यालाच लागतो. आत्या थोडी फुरंगटेल, हेही धरून चाला.