शाहिराचें निवृत्तीचें वय

"माणसाची पन्नाशी उलटली म्हणजे त्यानें रॅप गाऊं नये, निदान लोकांना ऐकवूं तरी नये," असा निकाल आमच्या एका सुशिक्षित स्नेह्यांनीं परवां कर्जतच्या लोकलमध्यें दिला. डब्यांत चार मुलें मोबाइलवर कुणा अमेरिकन रॅपरचा नवा अल्बम ऐकत होतीं, आणि गाणारा त्या मुलांच्या बापाच्या वयाचा आहे हें कळतांच आमच्या स्नेह्यांना हंसूं आवरेना. हा निकाल त्यांच्या एकट्याचा असता, तर मी तो थट्टेवारी नेला असता. परंतु आपल्या साऱ्या मध्यमवर्गाची हीच समजूत आहे, आणि ती परदेशी गाण्यापुरती नाहीं. विद्रोह हा विशी-पंचविशींतला ताप. तो वेळेवर उतरला नाहीं तर रोग समजावा, असें आपण मानतों. ही समजूत चुकीची आहे इतकेंच नव्हे, तर घातक आहे, असें माझें म्हणणें आहे.

प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट साक्षीदार आधीं बोलावूं. आंद्रे थ्री थाउजंड हा अमेरिकेंतील नामांकित रॅपर. २०२३ च्या नोव्हेंबरांत त्याचा 'न्यू ब्लू सन' हा अल्बम निघाला आणि त्यांत रॅपचा एक शब्द नव्हता. होती ती मुख्यतः बासरी. कारण विचारतां तो म्हणाला, त्याचा भावार्थ असा: मी अठ्ठेचाळीस वर्षांचा झालों, आतां रॅप कशावर करूं? वैद्याकडील तपासण्यांवर कीं मंदावलेल्या दृष्टीवर? हें ऐकून आमचे स्नेही टाळी वाजवितील. त्या प्रामाणिकपणाबद्दल मलाही आदर आहे, आणि त्याच्या बासरीबद्दल माझी तक्रार नाहीं. पण कारण मात्र तपासून घेतलें पाहिजे. मंदावलेली दृष्टि हा काव्याचा विषय नव्हे, हें कुणीं ठरविलें? आपल्या संतवाङ्मयांत तर थकलेल्या गात्रांची वार्ता जागोजाग आली आहे. त्या गृहस्थाजवळचे विषय संपले नव्हते. ते गाण्याची आपणांस मुभा नाहीं, असें त्याला वाटलें. आणि ही मुभा नाकारणारे कोण? तुम्ही-आम्ही श्रोतेच.

दुसरा साक्षीदार नास. १९७३ सालीं न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत ही कला जन्मली असें मानतात. त्याच वर्षीं हाही जन्मला. 'इल्मॅटिक' हा त्याचा पहिला अल्बम १९९४ चा, विसाव्या वर्षींचा. पुढें उण्यापुऱ्या तीस वर्षांत जो तो त्याला त्या एका अल्बमचीच आठवण देत राहिला. पण ग्रॅमी हा मोठा सन्मान त्याला प्रथम मिळाला तो २०२१ सालीं, 'किंग्ज डिसीज'बद्दल, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं. २०२० ते २०२३ या काळांत त्यानें एकाच संगीतकाराबरोबर सहा अल्बम काढले. सहावा निघाला तो नेमका त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशीं. ही कला साऱ्या पन्नास वर्षांची. तिच्यांत आजवर कुणी म्हातारा झालाच नव्हता, तर म्हाताऱ्यानें कसें गावें हें ठरलें कोठून असणार? तें आतां ठरत आहे.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. गल्लींतला मुलगा पुढें महालांत राहूं लागतो आणि तेथून गल्लीचीं गाणीं गातो, हें ढोंग नव्हे काय? असेलही. पण तो दोष वयाचा नाहीं, खोटेपणाचा आहे, आणि खोटें बोलण्यास पन्नाशीची वाट पाहावी लागत नाहीं. महालांतल्यानें महालाविषयीं खरें बोलावें, मागें राहिलेल्यांविषयीं खरें बोलावें. मग त्याचे केस पिकले आहेत कीं काळे आहेत, हें पाहण्याचें कारण उरत नाहीं.

आतां घरची गोष्ट. नेरळ हें आमच्याच तालुक्यांतलें स्टेशन. माथेरानची छोटी गाडी तेथून सुटते. त्या नेरळांत नारायण सुर्वे यांनीं उत्तरायुष्यांत वास्तव्य केलें. गिरणीकामगारानें रस्त्यावरून उचलून वाढविलेला हा कवि. सभेंत उभें राहून कविता म्हणावी तर यांनींच. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ चें, 'माझे विद्यापीठ' १९६६ चें, 'जाहीरनामा' १९७५ चा. त्यानंतर वीस वर्षांनीं, १९९५ सालीं, 'नव्या माणसाचे आगमन' हा संग्रह निघाला. कवि तेव्हां सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. मी नुकताच अध्यापक झालों होतों. संग्रह वरवर चाळून मीं वर्गांत मोठ्या ऐटींत सांगितलें, "मास्तर आतां थकले, सुर्वे वाचावे तर बासष्ट सालचे." मुलांनीं तें वहींत उतरून घेतलें. पुढें कित्येक वर्षें माझी गाडी रोज नेरळावरून जात होती. एकदां उतरावें, दार ठोठवावें, असें मनांत येई आणि गाडी सुटे. २०१० च्या ऑगस्टांत सुर्वे गेले. तो संग्रह मीं नीट वाचला तो त्यानंतर.

तेव्हां माझ्या ध्यानांत आलें तें असें. १९६२ च्या कवीपाशीं भोंगा होता, युनियन होती, जगाचा एक मोठा भाग आपल्या बाजूचा आहे हा धीर होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडूं लागल्या; १९९१ सालीं सोव्हिएत संघही विसर्जित झाला. पायाखालची एवढी जमीन सरकल्यावर जो कवि आपल्या पुस्तकाला 'नव्या माणसाचे आगमन' असें नांव देतो, तो थकलेला कीं मी? तरुणानें आशा धरावी यांत नवल नाहीं. तिचा खर्च अजून त्याला भरावयाचा असतो. बिल भरून झाल्यावरही जो आशा धरतो, त्याचें म्हणणें अधिक लक्षपूर्वक ऐकावयास हवें.

आणि हें केवळ वाङ्मयाचें प्रकरण नाहीं. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं शेजारच्या खालापूर तालुक्यांत इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हातीं लागले. ५७ माणसें बेपत्ता असतांना शोध थांबवावा लागला. त्या आठवड्यांत तरुणांनीं संताप व्यक्त केला; तो खराच होता. महिन्याभरांत तो विरला, हेंही खरें. जुई २००५, माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३: हीं चार नांवें एका दमांत घेण्यास दम फार लागत नाहीं, पण अठरा वर्षें जागें राहावें लागतें. संतापाला स्मरणाची जोड मिळाली म्हणजेच त्याला हिशेब विचारतां येतो. म्हाताऱ्या शाहिराचें काम तें हेंच. त्याला आपण हंसून गप्प बसविलें, तर प्रत्येक दरड पहिलीच ठरेल.

आपल्या परंपरेला ही गोष्ट ठाऊक होती. संगमनेरच्या अनंत फंदींना अहल्याबाई होळकरांनीं तमाशा सोडावयास लावला, अशी आख्यायिका आहे. त्यांनीं डफ टाकला; जीभ टाकली नाहीं. अनुभवानें पिकलेल्या त्या जिभेचा फटकाच आज त्यांची मुख्य ओळख आहे. विठ्ठल उमप २०१० च्या नोव्हेंबरांत, एकोणऐंशीव्या वर्षीं, नागपुरास दीक्षाभूमीवर व्यासपीठावरच कोसळले आणि गेले. त्यांना निवृत्तीचें वय कुणीं विचारलें होतें?

माझ्या नोकरीचीं थोडींच वर्षें उरलीं आहेत. ठरल्या तारखेस सरकार मला घरीं बसवील, आणि तें योग्यच आहे; खुर्ची दुसऱ्यास मिळालीच पाहिजे. पण कवीची खुर्ची कुणाच्या मालकीची नसते, म्हणून ती रिकामी करा असें त्याला सांगण्याचा अधिकारही कुणास नाहीं. माझ्यापुरतें मीं एक ठरविलें आहे. यंदा वर्गांत सुर्वे शिकवितांना 'जाहीरनाम्या'बरोबर 'नव्या माणसाचे आगमन'ही उघडावयाचें, आणि तीस वर्षांपूर्वीं मुलांना जें वहींत उतरून दिलें तें चूक होतें, हें आधीं सांगावयाचें. त्या जुन्या वह्या आतां माझ्या हातीं येणार नाहींत, यापुढच्या येतील.